ओळ सतरा, बदलू नये

"बारा फुटांत एकच लाट?" फ्लेक्स छापणाऱ्या आरिफभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "लाट हाय का घाट हाय ह्यो?"

मी त्यांच्या मॉनिटरवर वाकलो. खरं सांगायचं तर घाटच होता. डावीकडून एक लांबलचक चढ, मग माथा, मग उतार आणि शेवटी खड्डा. खाली लाल अक्षरांत 'प्रा. डॉ. वि. ग. नेर्लेकर सेवागौरव समारंभ'. खड्डा नेमका 'गौरव'वर येत होता.

"शास्त्रीय चित्र आहे ते. असंच असतं," मी म्हणालो.

"असतंय तर असू दे की. पण लोक म्हणणार, साहेब रस्ते खात्यातनं रिटायर झाले."

"मग काय करू?"

"लाटा वाढवा. सात-आठ तरी पायजेत, समुद्रावाणी. का मीच हिला कॉपी-पेस्ट करू?"

"छे!" मी जवळजवळ ओरडलोच. "असलं चालत नाही आमच्यात. आठ पाहिजेत तर आठ सोडाव्या लागतात."

"मग सोडा. पण संध्याकाळपर्यंत सोडा. सातला मशीन बंद."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आमचं विद्यापीठ गावाबाहेर माळावर आहे आणि मी तिथल्या पदार्थविज्ञान विभागात पीएचडी करत होतो. करत होतो म्हणजे संपवत आणली होती. दोनशे बारा पानांचा प्रबंध छापून, बांधून, सोनेरी अक्षरांसकट तयार होता. राहिली होती ती फक्त नेर्लेकर सरांची सही. सर त्या आठवड्यात, गुरुवारी निवृत्त होणार होते, आणि निवृत्त मार्गदर्शकाची सही आमच्या विद्यापीठात चालत नसे. गुरुवार हुकला की नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी आणि कमीत कमी दोन वर्षं. इकडे इचलकरंजीला आमच्या वडिलांनी 'डॉ. निनाद कुडचे' अशी पितळी पाटी करून आणली होती. पदवीआधी लावणं बरं दिसत नाही म्हणून तोंड भिंतीकडे करून टांगली होती. आल्यागेल्याला ते ती उलटी करून दाखवत आणि पुन्हा फिरवून ठेवत.

प्रबंधाचा विषय सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. वायू प्रचंड तापवला की त्याच्या अणूंचे तुकडे होतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला की त्यातल्या चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांसारख्या वागतात. तार छेडली की लाट धावते. हळू छेडली तर काही भानगड नाही. जोरात छेडली, म्हणजे लाट खूप उंच झाली, की ती मोडते आणि तिच्या दोन मुली होतात. एक आवाजाची लाट, ती पुढे जाते. दुसरी आईसारखीच, पण उलटी मागे पळते. हे जगाला ठाऊक होतं. नेर्लेकर सरांनी एकोणनव्वद साली असं दाखवलं, की हायड्रोजनमध्ये ठरावीक प्रमाणात हेलियम मिसळला, तर कंपनसंख्येच्या एका छोट्या पट्ट्यात कितीही उंच लाट सोडा, ती मोडत नाही. ह्याला 'नेर्लेकर पट्टा' म्हणत. कोण म्हणत, तर आम्ही. माझ्या प्रबंधाची सातपैकी पाच प्रकरणं त्या पट्ट्यात उभी होती.

हे सगळं आम्ही कॉम्प्युटरवर बघायचो, आणि त्यासाठी विभागात एक फाईल होती. चौसष्ट ओळींची, सरांनी स्वतः लिहिलेली. जाणारा विद्यार्थी येणाऱ्या विद्यार्थ्याला ती पेढा भरवून सुपूर्द करायचा. तिच्यातली सतरावी ओळ होती डब्याच्या लांबीची, म्हणजे आपण प्लाझ्माचा केवढा तुकडा बघणार ती. तिथे लिहिलं होतं, एक लाट. आणि पुढे सरांची टीप: बदलू नये.

कुणी बदलली नाही. माझ्या आधीच्या आधीच्या एका विद्यार्थ्याने, एकच लाट घेणं का पुरेसं आहे, ह्यावर प्रबंधात दोन पानं लिहिली होती. मी ती दोन पानं मोठ्या आदराने उद्धृत केली होती.

मंगळवारी दुपारी मी ओळ सतरामध्ये एकाच्या जागी आठ केलं. फ्लेक्ससाठी. पहिल्याच क्षणाचं चित्र काढलं आणि आरिफभाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला, "आता कसं! जहाज टाकू का एक?" जहाज नको म्हणून मी घरी गेलो. कॉम्प्युटर बंद करायचा विसरलो.

बुधवारी सकाळी येऊन बघतो तर लाट मोडली होती.

आधी मला वाटलं, वीज गेली असेल. मग वाटलं, व्हायरस. मग मी गणिताच्या एकेका फेऱ्याने मागे जात बघितलं. चाळिसाव्या फेऱ्यापर्यंत आठही लाटा कवायतीच्या मुलांसारख्या एका रांगेत. एक्केचाळिसाव्याला काठावर बारीक सुरकुती. त्रेपन्नाव्याला सगळा बाजार उठला. आवाजाची लाट पुढे, दुसरी मागे, अगदी पुस्तकात असते तशी. सरांच्या पट्ट्याच्या मधोमध.

शेजारच्या टेबलावर अनुजा हुक्केरी बसायची. तीही सरांचीच विद्यार्थिनी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मागे.

"अनुजा, जरा बघ."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू ओळ सतरा बदललीस?" तिने विचारलं. घरात कुणी देव्हाऱ्यात चप्पल ठेवली तर जो आवाज येईल, तो आवाज होता.

"फ्लेक्ससाठी."

"कुडच्या, तुला वेड लागलंय. लिहिलंय ना तिथे?"

"का लिहिलंय पण?"

तिने फाईल उघडून ती ओळ पुन्हा वाचली. मग कागद ओढून आकडेमोड करायला लागली. दहा मिनिटांनी तिने पेन टेबलावर टाकलं.

"मागे पळणारी मुलगी आईपेक्षा लांब आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे एका लाटेच्या डब्यात ती मावणारच नाही, बाबा. जागाच नाही. जागा नाही म्हणून आई मोडत नव्हती." तिने माझ्याकडे बघितलं. "तुझी किती प्रकरणं?"

"पाच."

"माझी दोनच झालीत," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मी सरांच्या खोलीत गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. सर खोक्यांच्या गराड्यात उभे होते. सहा फूट उंच, शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि गेली पाच वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यातला स्वल्पविराम हलवायची सवय.

"ये कुडचे. हे बघ, भाषणं कोणी ऐकत नाही. भाषणं चालतील तेव्हा बाजूच्या पडद्यावर लाट चालू ठेव. लोकांना बघायला काहीतरी पाहिजे."

"सर, लाटेबद्दलच जरा—"

"आणि शाल निळी नको म्हणावं. निळ्या चार आहेत घरात."

"सर, सही आत्ताच करता का? म्हणजे उद्या गडबडीत—"

"उद्या. समारंभ झाला की. माझी नोकरीतली शेवटची सही तुझ्या प्रबंधावर, असं मी हिला सांगून ठेवलंय." 'ही' म्हणजे घरी.

मी शेवटचा प्रयत्न केला.

"सर, ओळ सतरा. ती का बदलायची नाही?"

"बदलू नये असं लिहिलंय ना तिथे?"

"हो, पण कोणी लिहिलंय?"

"मीच."

"का?"

सरांनी हातातलं पुस्तक खोक्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "काहीतरी कारण असेल," ते म्हणाले. "मी विनाकारण लिहीत नाही."

मी बाहेर आलो आणि कॅन्टीनमध्ये तीन चहा प्यालो. डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणाकोणावर चिडायचं ह्याची यादीच करत होतो: सरांवर, आरिफभाईंवर, आईपेक्षा लांब असणाऱ्या मुलीवर, पितळी पाटीवर. तिसऱ्या चहाला मी ठरवलं, की फक्त एक दिवस. सही होऊ दे, मग निवांत सांगू. दुपारी मी पहिले चाळीस फेरे कापून त्यांची वेगळी फिल्म केली, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल अशी व्यवस्था केली. कॉपी-पेस्टच म्हणायचं.

गुरुवारी अकराला सभागृह भरलं. व्यासपीठावर डावीकडे आरिफभाईंचा फ्लेक्स, आठ लाटा, झकास. उजवीकडे पडदा, त्यावर माझी फिल्म. कोपऱ्यात फेऱ्यांचा आकडा दिसायचा. तो पुसायचं माझ्या लक्षातच आलं नाही. पाच वर्षांच्या शिक्षणाने तेवढंही शिकवलं नव्हतं.

सरांना शाल दिली, निळी. मग कुलगुरू बोलायला उठले. "सरांचं जीवन म्हणजे ही लाट आहे," ते म्हणाले. "अविचल!" टाळ्या. "वादळं आली, पण ही लाट—"

"कुडचे."

सरांसमोर त्यांच्या उत्तराच्या भाषणासाठी माईक ठेवला होता. तो चालू होता. सरांनी खुर्ची वळवून पडद्याकडे तोंड केलं होतं, लोकांकडे पाठ.

"हे चाळीसच्या पुढे का जात नाही?"

मी पहिल्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. उठून उभा राहिलो.

"फाईल तेवढीच आहे, सर."

"तेवढीच कशी? एकोणचाळीस, चाळीस, एक. तीनदा झालं. मला दुसरं काम नाही, मी मोजतोय."

"लॅपटॉपवर जागा कमी होती, सर."

कुलगुरू 'ही लाट'वर थांबून होते.

"आणि आठ लाटा दिसतायत," सर म्हणाले. "ओळ सतरा बदललीस?"

तिसऱ्या रांगेतल्या चार माजी विद्यार्थ्यांनी एकदम श्वास आत घेतला. पेढेवाले होते सगळे.

"हो, सर."

"मग पूर्ण रन असेल. आहे का?"

नाही म्हणायचं होतं. शेजारून अनुजा खणखणीत आवाजात म्हणाली, "आहे, सर."

"लाव."

"सर, नंतर बघू ना—"

"लाव म्हणतो ना!"

मी लावली. कुलगुरू बसले. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. एक्केचाळीस. सुरकुती आली. सत्तेचाळीसला माथे थरथरायला लागले. सर शाल सावरत उठून पडद्याजवळ गेले. त्रेपन्नला लाट मोडली, आणि छप्पनला पडद्यावर लाट म्हणावं असं काही उरलं नाही, नुसती रंगीत उधळण.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून आरिफभाईंचा आवाज आला, "ह्ये भारी! शेवटाला फटाके!" ते फ्लेक्स नीट टांगलाय का बघायला आले होते.

सर परत माईकपाशी आले. "एक्कावन्नपासून पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा लावली. मग आणखी एकदा. दरवेळी टाळ्या. मग ते उत्तराच्या भाषणाला उभे राहिले.

"एकोणनव्वद साली मी ज्या मशीनवर काम केलं, त्यात एकच लाट मावायची. दुसरी घातली की मशीन अडकायचं आणि शिपायाला बोलवावं लागायचं. म्हणून मी तिथे 'बदलू नये' असं लिहिलं." त्यांनी पडद्याकडे बघितलं. "आत्ता आठवलं."

आणि बसले. लोकांना वाटलं, काय हा साधेपणा! उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्यांच्या खोलीत मी प्रबंध आणि पेन घेऊन उभा होतो. सरांनी शाल एका खोक्यावर टाकली, सहीचं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. माझा जीव भांड्यात पडायला आला.

"मागे जाणारी मुलगी लांब आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर. अनुजाने काढलं."

"हं. डब्यात जागाच नव्हती, आणि मी म्हणत बसलो, स्थिर आहे." ते स्वतःशीच हसले. "तुला कधी दिसलं?"

"काल सकाळी."

"चाळीसला कधी कापलंस?"

"काल दुपारी."

"चाळीसलाच का?"

मी खोक्यावरच्या शालीकडे बघितलं.

"एक्केचाळीसला सुरकुती येते म्हणून?"

"हो."

"म्हणजे दिसली होती तुला. मला वाटलं, दिसली नसेल." त्यांनी टोपण परत लावलं. "मी ह्यावर सही करणार नाही."

तेव्हा माझा तोल गेला. पाच वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. मी म्हणालो, "सर, तुम्ही पंचवीस वर्षं चुकीचं छापलंत आणि आज त्यावर शाल घेतलीत. मी एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसलो तर माझी सही अडवता? हा कुठला न्याय? लाट मोडली म्हणून तुम्ही माझ्यावर राग काढताय!"

"लाट मोडली ते चांगलंच झालं," सर म्हणाले. आवाज चढवलाही नाही त्यांनी, ते आणखी संतापजनक. "पंचवीस वर्षं मला ठाऊक नव्हतं. एक दिवस तुला ठाऊक होतं."

मी प्रबंध उचलला.

"थांब," ते म्हणाले. मी थांबलो, वेड्या आशेने. "नारळ घेऊन जा एक. मला दोन आलेत."

अशा तऱ्हेने मी एका हातात दोनशे बारा पानं आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन एसटीने घरी गेलो. वडिलांनी प्रबंधाकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि बाहेर जाऊन पाटी नीट भिंतीला चिकटून आहे का ते तपासलं. आई म्हणाली, "नारळ चांगला आहे पण."

दुसऱ्या दिवशी विभागात जायचं नाही असं मी ठरवलं होतं. टेबलावरची माझी पाण्याची बाटली आणायला तेवढं गेलो. फाटकाशी गर्दी होती. वॉचमन शिंत्रेमामा आणि नेर्लेकर सर रजिस्टरवरून भांडत होते. निवृत्त झाल्यामुळे सर आता पाहुणे होते, आणि पाहुण्यांना नोंद केल्याशिवाय आत सोडत नसत.

"साहेब, 'लाट' हे काम न्हवं," शिंत्रेमामा म्हणत होते. "कामाच्या रकान्यात काम लिवा. न्हाईतर 'वैयक्तिक' लिवा."

सरांनी खिशातून दुसरं पेन काढलं आणि लिहिलं, 'वैयक्तिक लाट'. कुणाला भेटायचे, ह्या रकान्यात माझं नाव होतं.

"चल," मला बघून ते म्हणाले. "ओळ सतरामध्ये सोळा घाल. मोडते हे कळलं. पट्ट्यात इतक्या उशिरा का मोडते, ते कुठे कळलंय?"

"सर, मी बाटली न्यायला आलोय."

"मग भरून ठेव. वेळ लागेल."

वेळ लागला तो सव्वादोन वर्षं. रोज दहाला सर फाटकावर हजर. माझी खुर्ची त्यांनी घेतली, मी स्टुलावर. सोळा लाटा, बत्तीस लाटा, चौसष्ट. पाच प्रकरणं फाडली आणि चार नवी लिहिली. स्वल्पविराम पूर्वीसारखेच हलत राहिले, फक्त आता त्यांना दिवसभर दुसरं काम नव्हतं. किती वेळा मी ओरडलो असेन, किती वेळा बाटली उचलून निघालो असेन, त्याची गणती नाही. पट्ट्यातही लाट मोडते हे सांगणारा निबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव कुडचे होतं, दुसरं हुक्केरी आणि तिसरं नेर्लेकर. कागदोपत्री मार्गदर्शक दुसरेच एक गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध न उघडता सही केली. मला जरा वाईटच वाटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी टाय बांधून फाटकाशी आलो, तर शिंत्रेमामांनी अडवलं.

"कुडचे साहेब, ह्ये बघा जरा. उद्या तपासणी हाय माझी."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. बोट शेवटच्या रकान्यावर होतं, बाहेर गेल्याची वेळ.

"तुमचं सर चारशे नऊ वेळा आत आल्यात. सही हाय, वेळ हाय, समदं हाय. पण भाईर गेल्याची नोंद एकदा बी न्हाई. मी रोज सांगतोय, लिवा, लिवा. रोज म्हणत्यात, उद्या. आता साहेबानं इचारलं, ह्यो माणूस कुठं हाय, तर काय सांगू?"

मी पानं उलटत गेलो. कामाच्या रकान्यात वैयक्तिक लाट. लाट. लाट. तीच लाट. लाट, पण वेगळी. कुडचेचा स्वल्पविराम. लाट. शेवटची नोंद आजची होती, सकाळी साडेआठची, परीक्षेच्या अडीच तास आधीची. 'कुडचेची तोंडी. मोडतो का पाहणे.'

"आत आहेत म्हणून सांगा," मी म्हणालो, आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.